करटोलीला फुलं येतात, फळ धरत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही संगमेश्वरजवळ गावी राहतो. पावसाळ्यात भाजी विकत आणायची नाही असं यंदा ठरवलंय. टाकळा, कुर्डू, भारंगी रानातून येते, परसात पडवळ-भेंडी आहे. अडलंय ते करटोलीपाशी. दोन वर्षांपूर्वी रानातून तीन कंद आणून कुंपणाशी लावले. वेल छान पसरतात, पिवळी फुलंही येतात आणि गळून जातात. काल एकेक फूल उलटून पाहिलं, पाकळ्यांमागे मादी फुलाला असते ती बारीक काटेरी बोंडी एकालाही नाही. म्हणजे तिन्ही वेल नरच ना? नुसत्या कंदावरून मादी ओळखता येते का? की रानात फळ धरलेल्या वेलाला आत्ताच खूण बांधून ठेवू? कंद नेमका कधी काढावा? रानातला वेल मरता कामा नये, आमची आजी त्याच वेलाची करटोली आणायची. मादी वेलाचे फाटे लावून कुणाला यश आलंय का?