माती परीक्षणात लोह पुरेसं, तरी संत्र्याची नवती पिवळी का?

प्रश्न (काटोलकडची बाग)
काळी भारी जमीन, सामू ८.२, चुनखडी बरीच. अहवालात लोह ५.८ पीपीएम. नवती पिवळी पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जुनी पानं ठीक आहेत. आळ्यात हिराकस (फेरस सल्फेट) टाकूनही फरक नाही. जमिनीत लोह आहे, मग मुळं घेत का नाहीत?

उत्तर १
भाऊ, ५.८ म्हणजे ४.५ च्या मर्यादेपेक्षा जास्त, खरंच पुरेसं. पण प्रयोगशाळेत डीटीपीए या रसायनाच्या द्रावणात सुटणारं लोह मुळाला मिळेलच असं नाही. संत्र्याचं मूळ आधी प्रोटॉन (आम्लता वाढवणारे हायड्रोजन आयन) बाहेर सोडतं, मग न विरघळणाऱ्या फेरिक लोहाचं विरघळणारं फेरस करतं आणि ते पेशीपडद्यातल्या वाहक प्रथिनातून आत घेतं. चुनखडीच्या जमिनीतलं बायकार्बोनेट हे प्रोटॉन जागीच संपवतं. तुमचं हिराकसही अशा जमिनीत लवकरच फेरिक होऊन गंजासारखं बसलं.

प्रश्नकर्ता
पाण्याबरोबर क्षार आपोआप वर ओढले जात नाहीत का?

उत्तर २
मुळातून पानाकडचा प्रवास तसा होतो, मातीतून मुळाच्या आत शिरणं तसं होत नाही. मुळाच्या सालीतून पाणी पेशींच्या भिंतींमधून झिरपत येतं, पण अंतस्त्वचेपाशी (मुळातल्या आतल्या थरापाशी) कॅस्पेरियन पट्टी, म्हणजे भिंतींमधला पाणीरोधक पट्टा, ती वाट बंद करते. तिथून पुढे जायला आयनाला कुठेतरी पेशीपडदा ओलांडावाच लागतो. त्याला लागणारी ऊर्जा मुळाच्या श्वसनातून येते, म्हणजे ऑक्सिजन हवाच. जलवाहिनीत पोचलेलं लोह सायट्रेटला बांधलं जातं आणि पानांच्या बाष्पोत्सर्जनाच्या ओढीने चढतं. जुन्या पानात बसलेलं लोह नवतीकडे सहसा परत निघत नाही, म्हणून आधी नवती पिवळी. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी असतं तर जुनी पानं आधी पिवळी पडली असती.

पावसाळ्यात आळ्यात पाणी साचतं का ते आधी बघा. तसं असेल तर मूळ गुदमरतंच, शिवाय अडकलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे चुना विरघळून बायकार्बोनेट आणखी वाढतं. चर न काढता लोह देत राहणं म्हणजे पैसे मातीत.

उत्तर ३
तातडीला फवारणी: १० लिटर पाण्यात आधी १० ग्रॅम सायट्रिक आम्ल, ते विरघळल्यावर ५० ग्रॅम हिराकस. क्रम उलटा केला तर विहिरीच्या जड पाण्यात द्रावण तांबूस होतं. तसं झालं तर वापरू नका. उन्हं उतरल्यावर, कोवळ्या पानांवर, १०-१५ दिवसांनी २-३ वेळा. थेंब पडले तेवढंच पान हिरवं होईल, पुढची नवती पुन्हा पिवळीच येईल.

जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए चिलेटच (लोहाला धरून विरघळतं ठेवणारं संयुग) घ्या. ईडीटीए चिलेट स्वस्त, पण सामू साडेसहाच्या वर गेला की लोह सोडून देतं. खोडाशी टाकू नका. बारीक मुळं झाडाच्या घेराच्या कडेखाली, वरच्या फूटभर थरात असतात. तिथे ओल्या मातीत द्या आणि मातीने झाका, उन्हात ते खराब होतं.

नत्रासाठी अमोनियम सल्फेट धरा. अमोनियम घेताना मूळ प्रोटॉन सोडतं, त्यामुळे मुळाभोवतीचा सामू थोडा उतरतो. नायट्रेटने उलट चढतो.