मदत हवी आहे : जुन्या वाड्याच्या भिंतीवर पुस्तकांच्या फळ्या

नमस्कार मंडळी, आमचं पुण्यात पेठेतलं जुनं वाड्यातलं घर, विटांची भिंत, वर चुन्याचा गिलावा, आणि तो इतका भुसभुशीत झालाय की बोटाने खरवडला तरी भुगा पडतो. बाबांची पुस्तकं ट्रंकेत सडतायत म्हणून ३ फुटी फळी लावायला घेतली. ८ एमएमचं भोक पाडायला गेलो तर रुपयाएवढं भगदाड पडलं, गिट्टी (स्क्रू पकडायला भोकात बसवतात तो प्लग) ठोकली ती स्क्रू पिळताना तशीच गरगर फिरत बाहेर आली, सोबत पोपडा. ड्रिल हॅमरवर, म्हणजे ठोके मारत फिरायच्या मोडवर होतं हे नंतर लक्षात आलं, तोवर आई झाडू घेऊन उभी!

मिस्त्री म्हणतो सगळं खरवडून सिमेंट मारू, पण चुन्यावर सिमेंट धरत नाही आणि ओल आत कोंडते, शेजारी हेच करून पस्तावलेत, म्हणून ते नको.

गिलावा साधारण दीड इंच आहे, म्हणजे स्क्रू त्याच्याही पलीकडे विटेत किमान दोन इंच जायला हवा ना? जाळीची स्लीव्ह घालून केमिकल अँकर (भोकात जाळीची नळी घालून त्यात घट्ट होणारा रासायनिक गोंद भरतात आणि त्यात बोल्ट बसवतात तो) अशा ठिसूळ विटेत कुणी वापरलाय का? ३ फूट पुस्तकं म्हणजे आरामात ३० किलो, नुसत्या गिट्टीवर भरवसा नाही. की लाकडी खांबांना आडवी पट्टी मारून त्यावर ब्रॅकेट लावू? खांब सागवानी आहेत, पण एकाला खाली वाळवी लागून गेलीय. सरळ जमिनीवर उभा रॅकच करा म्हणणाऱ्यांनो, जागा नाहीये हो, खाली पलंग आहे आणि त्यावर बाबा झोपतात.