टाकीवरचं नेट ते वावरातलं ५जी: तुमच्याकडे रेंज कुठं यायची?

कापूसकोंड्या
काल धुऱ्यावर शिदोरी सोडली, सहज मोबाईल पाहिला तर वर ५जी! आमच्या वावरात! आन् एकदम २०११ चा बारावीचा निकाल आठवला. तेव्हा गावात (वणी तालुका) पाण्याच्या टाकीच्या चौथ्या पायरीवरच 'ई' (जुनं २जी नेट) यायचं. तिसरीवर नाही, पाचवीवर नाही. मी वर, खाली बाबा, आई, आत्या. पान ओळीओळीनं उतरत होतं. इंग्रजी आलं, मराठी आलं, भौतिक आलं आन् गणितापाशी अडकलं. बाबा खालून, "काहून रे, गेला का?" तेवढ्यात बॅटरी संपली. बाकीचं दुसऱ्या दिवशी वणीच्या कॅफेत समजलं. तुम्ही कुठं कुठं चढले, लिहा.

ठेचा_भाकर
चढलो नाही, लटकवला. कडुलिंबाच्या फांदीला पन्नीत फोन, हॉटस्पॉट चालू, खाली खाटेवर आम्ही चार पोट्टे. एक दिवस वानरानं पन्नीच नेली. फोन तुरीत सापडला, मागचं झाकण आजपर्यंत नाही.

अकोटची_सून
गणितात किती होते ते सांगा आधी 😀

कापूसकोंड्या
पास होतो ना ताई, बस.

बाभूळबन
५ सप्टेंबर २०१६. तारीख पक्की, कारण त्याच दिवशी गणपती बसले न् जिओ सुरू झालं. त्याआधी एक जीबी महिनाभर पुरवायचो, फोटो उघडायचा की नाही याचा विचार करायचो. पुढं नेट फुकट, पण ४जी फोन कोणाजवळ? गावात मोजून तीन. व्हिडिओ कॉलवर व्याही दिसले तशी आमच्या आजीनं डोक्यावर पदर घेतला न् भिंतीआड जाऊन बोलली.

टॉवरवाला_भाऊ
नऊ वर्षं टॉवरवर काढली म्हणून सांगतो. वर ५जी दिसलं म्हणजे पळेलच असं नाही. वेगवालं ५जी बहुतेक ३५०० मेगाहर्ट्झवर चालते, ते लांब जात नाही, भिंतीत शिरत नाही. ७०० वालं लांब पोचते, पण तेवढं पळत नाही. आमच्याकडं टॉवर एकमेकापासून किती दूर, पाहा. आन् खरी गोम वेगळीच. टॉवरले फायबर आलं का? नसंल तर ती पांढरी ढोलकी लावलेली दिसते ना, तिनं दुसऱ्या टॉवरकडून हवेतून नेट ओढायचं. तोटी नवी लावली, मागची लाईन अर्ध्या इंचीच.

गट_नं_११२
@टॉवरवाला_भाऊ मंग आमचं सांगा. ई-पीक पाहणीचा (सातबाऱ्यावर पीक नोंदवायचं सरकारी ॲप) फोटो वावरात उभं राहून काढा म्हणतात. २०२१ पासून दरवर्षी तेच. गावात भरभर चालते, वावर नाल्यापलीकडं, तिथं एक काडी. मागच्या खरिपात गोल गोल फिरत रायलं, मी पऱ्हाटीत दीड तास उभा. बायको म्हणे, निंदण तरी करा तोवर.

अकोटची_सून
😂😂 केलं का मग?

गट_नं_११२
दोन तास.

मेळघाट_मास्तर
तुमचं बरं आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शिकवा म्हणे. धारणीकडं आमच्या पाड्यावर साधा फोन लागायले टेकडी चढावी लागे. मी मोटरसायकलवर फळा बांधून जायचो. काय सांगायचं अजून.

ठेचा_भाकर
सर, दंडवत 🙏

बाभूळबन
रेशनवाला मशीन घेऊन गच्चीवर बसायचा, अंगठ्याची लाईन जिन्यावर. आठवते का कोणाला?

पांढरं_सोनं
विषय सोडून विचारतो, पऱ्हाटीवर (कपाशीवर) लाल्या आला, पानं लाल पडून रायली, काय मारू?

गट_नं_११२
पानाचा फोटो टाक.

पांढरं_सोनं
जाऊन नाही रायला. सकाळपासून पाहून रायलो.

अकोटची_सून
वणीकडं पाऊस आहे का? माहेरी फोन लागत नाही.

टॉवरवाला_भाऊ
फोन लागत नाही म्हणजे टॉवर पडलं, टॉवर पडलं म्हणजे लाईन जाऊन बॅटरीही उतरली. वारा सुटला असंल ताई, पाऊस येतेच आता.