वापरलेली एसयूव्ही: एअर सस्पेन्शन रात्रीतून बसते, खाली गंजही आहे. घ्यावी का?

नमस्कार. चारही चाकांना एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवा भरलेले रबरी फुगे) असलेली 2013 सालची एक एसयूव्ही विकत घेण्याचा विचार आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स उत्तम वाटले, परंतु दोन गोष्टींमुळे निर्णय अडला आहे आणि त्याबाबत जाणकारांचे मत हवे आहे.

रात्रभर उभी राहिल्यावर गाडी मागच्या डाव्या कोपऱ्यात स्पष्टपणे खाली बसते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर संध्याकाळी आणि सकाळी मोजले, तेव्हा फरक फक्त त्याच कोपऱ्यात आढळला. त्यामुळे दोष त्या चाकाच्या फुग्यात, त्याच्या नळीच्या जोडात किंवा व्हॉल्व्ह ब्लॉकमधील (प्रत्येक चाकाकडे हवा सोडणाऱ्या भागातील) त्याच चाकाच्या व्हॉल्व्हमध्ये असावा, असा माझा तर्क आहे. फुग्याचे रबर ज्या घडीवर सतत दुमडते तिथेच प्रथम चिरते आणि नेहमीच्या उंचीवर ती जागा झाकलेली राहते, म्हणून गाडी सर्वांत वरच्या उंचीवर नेऊन साबणाचे पाणी लावून पाहणार आहे. बुडबुडे तिथे दिसले नाहीत, तर जोड आणि व्हॉल्व्ह ब्लॉक यांतला दोष वेगळा कसा ओळखावा?

फुगा बदलता येतो, म्हणून त्याची तेवढी धास्ती नाही; मला खरी शंका हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरची आहे. गळती भरून काढण्यासाठी तो वारंवार आणि जास्त वेळ चालत राहिला असेल, तर तापून झिजलेला असणार. शिवाय हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरमधील सिलिका जेल ओलावा शोषून निकामी झाले असेल, तर दमट हवा पुढे जाऊन व्हॉल्व्ह आतून गंजतात. मग नवा फुगा बसवूनही गाडी बसतच राहील. कॉम्प्रेसरची उरलेली ताकद पारखण्यासाठी हवेची टाकी भरायला लागणारा वेळ पाहणे पुरेसे आहे, की स्कॅनरवर दाबाचे आकडेही पाहावेत?

विक्रेत्याचे म्हणणे असे की या गाड्या थोड्या बसतातच, आणि फारच त्रास झाला तर साध्या कॉइल स्प्रिंग टाकाव्यात. पहिले उत्तर मला पटलेले नाही. दुसऱ्या उपायात भार वाढला तरी उंची कायम राखण्याची सोय जाते, आणि कंट्रोल युनिटची योग्य व्यवस्था केली नाही तर डॅशबोर्डवर दोषाचा दिवा कायमचा लागतो. त्यापेक्षा मुळातच कॉइल स्प्रिंगची गाडी शोधलेली बरी.

गंजाबाबत मात्र माझे मन अधिक साशंक आहे. उंची मोजणाऱ्या हाइट सेन्सरच्या दांड्यांचे सांधे गंजून जड झाले आहेत. ते सहज बदलता येतील आणि चुकीच्या उंचीचा एखादा दोषही त्यातून येत असेल. पण मागच्या सबफ्रेमच्या (सस्पेन्शन धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या) जोडांजवळ पोपडे सुटले आहेत आणि चासीच्या काही भागावर ताजा काळा थर दिला आहे. वरवरचा तांबूस गंज चालेल, परंतु पेटीसारख्या पोकळ भागांत पाणी साचून पत्रा आतून खाल्ला गेला असेल, तर बाहेरून तो कळत नाही. स्क्रूड्रायव्हरने टोचून आणि लहान हातोडीने ठोकून आवाज ऐकणे एवढेच मला ठाऊक आहे. एंडोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून आत पाहणे उपयोगी ठरते का? ब्रेकच्या धातूच्या नळ्या नेमक्या कुठे तपासाव्यात?

गाडी लवकरच लिफ्टवर घेण्याची परवानगी मिळाली आहे. उचलण्यापूर्वी सस्पेन्शन जॅक मोडमध्ये (उंची आपोआप बदलणे बंद करून) टाकायचे, हे माहीत आहे. त्याव्यतिरिक्त कोणत्या जागा पाहाव्यात आणि काय दिसल्यास व्यवहार तिथेच थांबवावा, हे कृपया सांगावे. हवे असल्यास त्या वेळी काढलेली छायाचित्रे इथे देईन.