मदत हवी आहे: फोटॉनपासून प्रोटॉन-अँटिप्रोटॉन, उंबरठा दुप्पट की चौपट?

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सेमिनारसाठी अमेरिकेतल्या जेफरसन लॅबचा ग्लूएक्स प्रयोग घेतलाय. तिथे १२ जीईव्हीच्या (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) आसपासचे इलेक्ट्रॉन हिऱ्याच्या पातळ चकतीवर सोडतात, त्यातून ९ जीईव्हीच्या जवळपासचे ध्रुवित फोटॉन मिळतात आणि ते द्रव हायड्रोजनवर आदळतात. मला एकच अभिक्रिया समजावायची आहे: आत फोटॉन आणि प्रोटॉन, बाहेर दोन प्रोटॉन आणि एक अँटिप्रोटॉन (प्रोटॉनचा प्रतिकण).

गाडी पहिल्याच स्लाइडवर अडलीये. प्रोटॉनचं वस्तुमान ०.९३८ जीईव्ही, म्हणजे जोडीला १.८७६ पुरायला हवेत. गणित करून उंबरठा, म्हणजे फोटॉनला लागणारी किमान ऊर्जा, ३.७५ येतो, प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या बरोबर चौपट. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनला मात्र दुप्पटच, १.०२२ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट), हे बारावीपासून घोकलंय. मग इथेच हा भुर्दंड का? शिशाचं टार्गेट घेतलं तर सुटेल का?

आणि बाहेर आलेल्या दोन प्रोटॉनांतला नवा कोणता, हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद १
गणित बरोबर आहे. फोटॉन नुसती ऊर्जा आणत नाही, संवेगही आणतो, आणि तो कुणीतरी पुढे न्यायलाच हवा. उंबरठ्यावर तिन्ही कण एकाच वेगाने, जणू हातात हात घालून, पुढे जातात. तुझे वरचे १.८७६ त्या पळण्यात गेले. १.८८ जीईव्हीचा फोटॉन घेऊन बघ: वस्तुमानकेंद्राच्या चौकटीत (जिथून एकूण संवेग शून्य दिसतो) एकूण २.१० जीईव्हीच मिळतात, तीन कणांना २.८१ लागतात.

१.०२२ हा आकडा अणुकेंद्राजवळच्या जोडीचा आहे. केंद्र इलेक्ट्रॉनच्या मानाने अवाढव्य, संवेग गिळतं आणि ऊर्जा जवळजवळ घेत नाही. तीच जोडी अणूतल्या एखाद्या इलेक्ट्रॉनच्या धक्क्यावर झाली तर उंबरठा २.०४४ एमईव्ही होतो. चौपट! तुझी अभिक्रिया या दुसऱ्या प्रकारची आहे: धक्का खाणारा आणि जन्मणारा एकाच वजनाचे.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत, पण शिशाची आशा धरू नकोस. ड्यूटेरॉन (एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉनचं केंद्र) अखंड राहिला तर उंबरठा २.८१ वर येतो, शिशाला कागदावर १.८८ च्या जरा वर. पण तिथे केंद्राला दीड-दोन जीईव्हीचा संवेग एका झटक्यात घ्यावा लागेल. काही फर्मी (केंद्राच्या मापाचं एकक) रुंदीचं केंद्र एवढा मार खाऊन अखंड राहत नाही, त्यामुळे ते घडण्याची शक्यता नगण्य. केंद्रातले प्रोटॉन मुळातच हलत असल्याने उंबरठा थोडा पुसट होतो, तेवढाच काय तो फायदा.

धागाकर्ता
आता लख्ख झालं! पण दोन प्रोटॉनांचं?

प्रतिसाद २
'नवा कोणता' हा प्रश्नच पुंजभौतिकी मान्य करत नाही. दोघे तंतोतंत सारखे, आयाम (ज्यावरून घटनेची शक्यता निघते ती राशी) प्रतिसममित, म्हणजे दोघांची अदलाबदल केली की चिन्ह उलटणारा, करावाच लागतो. व्यवहारात संथ प्रोटॉनला टार्गेटचा आणि अँटिप्रोटॉनसोबत पुढे पळणाऱ्याला जोडीतला धरतात. ती सोय आहे, ओळख नव्हे. लॅम्डा (प्रोटॉनपेक्षा जड, अल्पायुषी कण) आणि अँटिलॅम्डाची अभिक्रिया स्लाइडवर घे, उंबरठा ४.८९ च्या आसपास. लॅम्डा सुमारे ६४ टक्के वेळा प्रोटॉन आणि ऋण पायॉनमध्ये फुटतो, म्हणून ओळखता येतो, तिन्ही कण वेगळे. तरी गंमत अशी, की कधी लॅम्डा अँटिलॅम्डाबरोबर पुढे जातो, तर कधी मागे संथ राहतो आणि अँटिलॅम्डाला जोडीदार म्हणून प्रोटॉन मिळतो. कोण कोणासोबत गेलं यावरून मधे कशाची देवाणघेवाण झाली याचा माग लागतो. तुझ्या सेमिनारचा जीव इथे आहे, उंबरठ्यात नाही.

धागाकर्ता
स्लाइड बदलली, आभार. ८.५ जीईव्हीच्या फोटॉनला वस्तुमानकेंद्रातली ऊर्जा ४.१० आली, बरोबर ना?

प्रतिसाद १
बरोबर. दोन प्रोटॉन आणि अँटिप्रोटॉन यांची वस्तुमानं वजा करून १.२९ उरतात, ते तिघांच्या धावपळीला.