‘पट्टे विकायचं दुकान’ म्हणणाऱ्या बाबांना

निळी शाई:
काल इथे एका बाबांनी लिहिलं, मुलांचे कराटे क्लास म्हणजे पट्टे विकायचं दुकान. दोन वर्षांनी मुलाने सोडलं आणि पैसे पाण्यात गेले. डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय.

माझी लेक सातवीत आहे, चार वर्षं जातेय. महिन्याला १२०० फी, वर्षात तीन बेल्ट परीक्षा ९०० प्रमाणे, उंची वाढते म्हणून दरवर्षी ११०० चा ड्रेस. झाले १८,२००. स्पर्धा वेगळ्याच. आमच्या घरात ही रक्कम लहान नाही, फ्रीज बदलायचा दोन वर्षं राहिलाय. पण पहिल्या दिवशी सरांनी नाव विचारलं तेव्हा माझ्या ओढणीमागे लपलेली ही पोर आज तीस मुलांपुढे उभी राहून खणखणीत आवाजात इची, नी, सान मोजते. तुमचा मुलगा आठवड्यातून एकदाच जायचा, हे तुम्हीच लिहिलंय. मग येणार काय?

डोंबिवलीकर बाबा:
एकदाच जायचा, कारण क्लास साडेसहाला आणि मी लोकलमधून सव्वाआठला घरी. सोडणार कोण? आणि फीबद्दल तक्रार नव्हतीच. प्रवेश घेताना परीक्षा, सर्टिफिकेट, कॅम्प यांचा शब्द काढला नाही. मग ‘इंटरनॅशनल’ स्पर्धा, ती एका मंगल कार्यालयात. गटात तीन मुलं, तिघांनाही पदक! चार बेल्ट झाले तरी पोराला एक काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, धड येत नव्हता.

रंकाळाकाठ:
मुळात कराटे हवंच कशाला? आमच्या कोल्हापुरात तालमीत पोरं नाममात्र पैशांत घडली. लाठी आहे, दांडपट्टा आहे. घरचं सोडून जपानचं कौतुक.

निळी शाई:
माझ्या मुलीला घेतील तुमच्या तालमीत?

रंकाळाकाठ:
मर्दानी खेळाच्या आखाड्यात मुली कधीपासून आहेत. माहिती घेऊन बोला.

माळावरची:
आखाड्याचं मान्य. पण तालीम स्वस्त म्हणू नका, अंगावर काटा येतो. माझा दादा पैलवान. वडिलांनी त्याच्यासाठी म्हैस घेतली, तिचं दूध डेअरीला गेलं नाही. बदाम, तूप, थंडाई सगळं त्याला. मला चहापुरतं दूध, तेही आई पळीने मोजून घालायची. गुडघा गेला आणि कुस्ती सुटली. त्या खुराकाचा हिशोब कुणी मांडला?

रंकाळाकाठ:
पैशांनी कुस्ती मोजायची नसते, ताई. १९५२ ला हेलसिंकीत खाशाबांनी पदक आणलं ते काय क्लास लावून?

माळावरची:
तेच सांगतेय! खाशाबांना पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं. लोकांनी वर्गणी काढली. कुणाच्या तरी खिशातून जातंच. तुमच्या घरात दूध कुणाच्या वाट्याचं कमी झालं, ते आधी विचारा.

रंकाळाकाठ:
घरचं भांडण इथे आणू नका.

सेन्सेई नव्हे सर:
मी शिकवतो, म्हणून बोलतो. काळा पट्टा मूळचा ज्युदोतला, ज्युदोचे जनक कानो यांचा. कराटे जपानात रुजवणाऱ्या फुनाकोशींनी १९२४ मध्ये तो कराटेत घेतला. मधल्या रंगांची रांग नंतरची. लहान मुलांना तीन-चार महिन्यांनी काहीतरी हातात लागतं, म्हणून ती टिकली. त्यात पैसा शिरला, हेही खरं. पण गेल्या परीक्षेत मी २२ पैकी ५ मुलांना नापास केलं. त्यातल्या तिघांच्या पालकांनी महिन्याच्या आत दुसरा क्लास लावला, तिथे पट्टा मिळाला. हॉलचं भाडं मला पूर्ण भरावंच लागतं. सांगा, मी पुढच्या वेळी काय करू?

डोंबिवलीकर बाबा:
नापासच करा. माझ्या पोराला एकदा जरी कुणी नापास केलं असतं तरी मी इथे लिहायला आलो नसतो. सगळे सर दुकानदार, हे शब्द मागे घेतो. आमचे होते, ते नाही घेत.

निळी शाई:
लोकलचं मला सुचलंच नव्हतं. मी चार वाजता घरी असते. परीक्षेपासून कॅम्पपर्यंतचा वर्षाचा खर्च पहिल्याच दिवशी कागदावर मिळायला हवा, एवढं तुमचं मान्य. पैसे पाण्यात गेले, हे मात्र अजूनही नाही.