पार्श्वसंगीत नाही म्हणजे बजेट नाही?

तिरकी रेघ

शाळेच्या ग्रुपवर परवा एका मित्राने हे टाकलं: "साबर बोंडं बघितला. अख्ख्या सिनेमात एक सूर नाही. निर्मात्याचे पैसे संपले असणार. त्यापेक्षा दशावतार बघा, म्युझिकने अंगावर काटा येतो. संगीताशिवाय सिनेमा म्हणजे फोडणीशिवाय वरण." खाली चौदा अंगठे.

पहिली गोष्ट, वरण फोडणीशिवायच असतं. फोडणी घातली की ती आमटी. पंगतीत मूद, वरून वरण, तूप, लिंबाची फोड, यात कुणी जिरं-मोहरी शोधत नाही. ज्याला वरण कळत नाही त्याने उपमा तरी दुसरी द्यावी.

दुसरी गोष्ट. साबर बोंडंमधला आनंद वडिलांच्या दुखवट्याचे दहा दिवस काढायला मुंबईहून गावी येतो. घरात माणसं भरलेली, आणि दुखवट्यातसुद्धा 'लग्नाचं काय?' सुटत नाही. या सगळ्याखाली बासरी घालायची? माझे वडील गेले तेव्हा दहाव्याला घाटावर आम्ही कावळ्याची वाट बघत उभे होतो. चाळीसेक माणसं, कुणी बोलत नाही. पिंडावर माशा. मागे कुणाच्या तरी चपलेचा करकर आवाज. मध्येच एका काकांचा फोन वाजला, रिंगटोन आरतीची, तो त्यांना बंद करता येईना. मला वडिलांच्या जाण्यातलं आजही सगळ्यात आधी तेच आठवतं, ती चप्पल आणि ती आरती. त्यावर कुणी व्हायोलिन वाजवलं असतं तर मी पिंड टाकून त्याच्या अंगावर गेलो असतो.

संगीत न घालणं हाही निर्णय असतो. पैसे संपले म्हणून नव्हे, गरज नाही म्हणून. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात 2025 मध्ये या सिनेमाला जागतिक चित्रपटांच्या विभागात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं ते काय कर्ज काढून?

---

घाटावरचा गडी

पारितोषिकाचं नाव आलं की आम्ही गप्प बसायचं, असा नियम आहे का?

शांतता ऐकायला मी अडीचशे रुपये देत नाही. बायको माहेरी गेली की घरी फुकट मिळते. सैराट आम्ही तालुक्याच्या टॉकीजला पाहिला. झिंगाट लागल्यावर पुढच्या तीन रांगा पडद्यासमोर नाचत होत्या, पोरांनी शर्ट काढले. अजय-अतुलनी त्याचं संगीत हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर जाऊन वाजवून घेतलं. परश्या विहिरीत उडी मारतो तेव्हा ती व्हायोलिनं उसळतात ना, आमच्या रानातली विहीर आम्हाला पहिल्यांदा देखणी वाटली. तुमच्या फेस्टिव्हलवाल्यांना गावाकडचा माणूस गप्प, उदास आणि तोंडावर माशी बसलेलाच लागतो. आम्ही गावात मोठ्यांदा जगतो साहेब.

---

तिरकी रेघ

सैराटचा शेवट आठवा. ते बाळ दारातून बाहेर येतं, पावलांचे ठसे उमटतात. तिथे किती व्हायोलिनं होती?

---

घाटावरचा गडी

एकही नव्हतं, मान्य. पण दोन-अडीच तास वाजवून मग बंद केलं म्हणून ते अंगावर आलं. तुमच्यासारखं पहिल्यापासून बंद नव्हतं.

---

मिक्सरवाला

मी याच, सिनेमाच्या संगीत-आवाजाच्या धंद्यात आहे, त्यामुळे नावं न घेता बोलतो. दोघांचंही अर्धंच बरोबर.

मराठीत पार्श्वसंगीताला वेळ किती मिळतो? गाणी वर्षभर आधी होतात कारण ती विकायची असतात. बॅकग्राउंड मात्र संकलन संपल्यावर, प्रदर्शनाची तारीख छापून झाल्यावर. मला दहा दिवसांत अख्खा सिनेमा करून मागितलाय, तोही दोनदा. त्यात एडिटरने आधीच कुठल्या तरी परदेशी सिनेमाचं संगीत खाली लावून ठेवलेलं असतं, टेम्प म्हणतात त्याला. दिग्दर्शक महिनाभर ते ऐकून त्याच्या प्रेमात पडतो आणि मग म्हणतो, "हेच हवंय, पण वेगळं." एका निर्मात्याने मला टाइमकोडची, म्हणजे कितव्या मिनिटाला काय याची, यादी दिली होती, पुढे रकाना: 'इथे रडवा', 'इथे थोडं रडवा', 'इथे आई आहे, जास्त रडवा'. पैसे संपलेल्या सिनेमात संगीत कमी नसतं हो, उलट जास्त असतं. कीबोर्डवरची व्हायोलिनं स्वस्त आहेत. शांतता महाग, कारण लोकेशनचा आवाज नीट घ्यावा लागतो.

आता खरं दुखणं. आम्ही सिनेमा मिक्स करतो तो थिएटरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटण, सातवर धरून. ती मानक पातळी. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तो साडेचार-पाचवर असतो. का? आधीच्या जाहिराती आणि ट्रेलर कान फाडतात, लोक ओरडतात, ऑपरेटर आवाज खाली ओढतो आणि सिनेमा सुरू झाला तरी तो तसाच राहतो. दणदणाटी सिनेमा त्यातूनही तग धरतो. पण ज्यात पानांची सळसळ हेच संगीत आहे त्याचं काय उरतं? एसीची घरघर आणि शेजारच्याचे पॉपकॉर्न. तेव्हा रेघसाहेब, तुम्ही जी शांतता ऐकलीत ती सातवर होती की साडेचारवर?

---

कोशिंबीर

साडेचार?? मिक्सरवाले, कुठे आहे हे थिएटर, पत्ता द्या, मी उद्या जाते. आमच्याकडे प्रत्येक वेळी मला कानात कापूस घालून बसावं लागतं. आई श्रवणयंत्र लावते, तिने गेल्या वेळी मध्यंतरात यंत्र काढून पर्समध्ये ठेवलं आणि उरलेला सिनेमा ओठ बघून पाहिला. म्हणाली, आता समजतंय.

आणि हा सगळा देशच बहिरा होत चाललाय त्याला कारण तुमची ती डॉल्बी. यंदा विसर्जनाला आमच्या गल्लीत स्पीकरची बारा फुटांची भिंत उभी होती. खिडकीच्या काचा थरथरत होत्या, ताटाळ्यातल्या वाट्या वाजत होत्या. सासऱ्यांची बायपास झालेली आहे. त्यांना मी मोरीत नेऊन बसवलं, कारण घरात तेवढीच एक जागा आतल्या बाजूला. दोन तास माणूस पाटावर बसून होता. आणि आठवड्याभराने इथे चर्चा, की संगीताने काटा येतो का!

---

घाटावरचा गडी

सिनेमाच्या धाग्यात गणपती कशाला? वर्षातून एक दिवस पोरं नाचतात ते डोळ्यांवर येतं, बाराही महिने हॉर्न वाजतात ते चालतात.

---

कोशिंबीर

एक दिवस? आगमन मोजा, पाद्यपूजन मोजा, पाचवा, सातवा, दहावा मोजा. मग नवरात्र. मग कुणाकुणाचे वाढदिवस. आणि गणपतीला कोण काय म्हणालं? माझ्या घरी दीड दिवसाचा असतो, टाळ आणि झांज, शेजारच्यांना प्रसाद दिल्यावर कळतं बसवला होता. बाप्पाला आड करून मागे स्पीकर लपवू नका.

---

घाटावरचा गडी

मॅडम, मी स्वतः आठ वर्षं मंडळात होतो, बेस वाजल्याशिवाय वर्गणी येत नाही हे वास्तव आहे. फ्लॅटमध्ये बसून टाळ-झांज सांगायला काय जातं.

---

कोशिंबीर

चाळ आहे. फ्लॅट नाही. मोरी म्हटलं तेव्हाच कळायला हवं होतं.

---

मिक्सरवाला

भांडा, पण त्या शब्दावर जरा दया करा. रे डॉल्बी नावाच्या माणसाने 1965 मध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला. गोंगाट घालवणाऱ्या तंत्राचं नाव आपण गोंगाटाला दिलं. मी डॉल्बी मिक्सिंग करतो असं सांगितल्यावर भावी सासऱ्यांनी मला विचारलं होतं, "किती टॉप, किती बेस?" लग्न झालं, पण ते अजून मिरवणुकीचं भाडं विचारतात.

---

जुना तिकिटवाला

आजच्या मंडळींना वाटतं पार्श्वसंगीत सैराटपासून सुरू झालं. सामना पाहा, 1975. संगीत भास्कर चंदावरकरांचं. माणूस फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संगीत शिकवायचा, कुठे थांबायचं ते त्याला ठाऊक होतं. तसंच सिंहासन. पुढे 2004 मध्ये श्वास. आजोबा नातवाला घेऊन हिंडतात, दृष्टी जाण्याआधी त्याला जग दाखवतात, तिथे आजचा कुणी असता तर साठ व्हायोलिनं रडवली असती.

आणि माझी मुख्य तक्रार मालिकांची आहे. सासू वळली, ढॅण. सून वळली, ढॅण. तोच चेहरा तीन बाजूंनी, ढॅण ढॅण ढॅण. रोज संध्याकाळी हे ऐकून वाढलेल्या प्रेक्षकाला साधी शांतता म्हणजे टीव्ही बिघडला असंच वाटणार. रोग तिथे आहे.

---

अर्धा कटिंग

काका, सिंहासनचं संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. 'उषःकाल होता होता' विसरलात?

---

जुना तिकिटवाला

बरोबर. दोन्ही सिनेमे जब्बार पटेलांचे, म्हणून मनात एकत्र येतात. पण मुद्दा तोच राहतो.

---

पायपेटी

मी वेंगुर्ल्याकडचा. दशावताराचं नाव घेऊन भांडताय, पण खऱ्या दशावतारात 'पार्श्व'संगीत नसतंच, हे कुणी बोललंच नाही.

आमच्या जत्रेत दहीकाला, म्हणजे दशावताराचा खेळ, रात्री उशिरा उभा राहतो, फटफटेपर्यंत चालतो. पेटी, मृदंग, झांज. झालं. संवाद लिहिलेले नसतात, कथा ठरते आणि नट तिथल्या तिथे बोलतो. मग वाजवणाऱ्याने काय बघून वाजवायचं? नटाचा पाय. आमचा एक काका मृदंग वाजवायचा, आयुष्यात त्याने राजाचा चेहरा पाहिला नसेल, नजर कायम त्याच्या टाचेवर. टाच उचलली की याचा हात वर. राजाने मध्येच श्वास घेतला, संवाद विसरला, तर पेटीवाला एक सूर धरून ठेवायचा, आठवेपर्यंत. प्रेक्षकाला वाटायचं राजा दुःखात आहे. एकदा द्रौपदीचं काम करणाऱ्याचा आवाज बसला होता. त्या रात्री काकाने अख्खा प्रवेश बोटांच्या टोकांनी वाजवला, इतका हळू, की शेवटच्या रांगेतल्या बायका उठून पुढे येऊन बसल्या. चहाच्या टपरीवाल्याने स्टोव्ह बंद केला.

दशावतार सिनेमा मला आवडला. दिलीप प्रभावळकर त्या वयात तो वेष घेऊन उभे राहतात तेव्हा मी खुर्चीतल्या खुर्चीत हात जोडले. संगीतकार प्रफुल्लचंद्रांनी मृदंग घेतलाय, आपला वाटला. पण त्यामागे जो मोठा थर येतो, तो आला की मला टाच दिसेना. नटाने जे केलंय तेच मला पुन्हा मोठ्यांदा सांगतायत असं झालं. माका तां काय रुचला नाय. बाजूला बसलेली बायको रडत होती, म्हणाली, "तुमका नेहमी पाय बघूचे असतत." तेव्हा घरातच एकमत नाही.

---

घाटावरचा गडी

पायपेटी, तुमचं पटलं, कारण तुम्ही पारितोषिक मध्ये आणलं नाहीत. टाचेचं भारी. तमाशातला ढोलकीवालाही असाच, नाचणारीच्या घुंगरावर नजर. पण तमाशा हळू नसतो हे लक्षात ठेवा.

---

दूरदेशी

आमच्याकडे न्यू जर्सीत मराठी सिनेमाचा शो म्हणजे अर्धं संमेलनच. पार्श्वसंगीत कसं आहे ते आम्हाला कळतच नाही, कारण पार्श्वभूमीला 'अय्या, तुम्ही कधी आलात?' चालू असतं. तुम्ही सात की साडेचार यावर भांडा, आम्हाला दहा लागेल.

---

अर्धा कटिंग

फँड्री सिनेमातलं राष्ट्रगीत कुणालाच आठवलं नाही? डुक्कर समोर आहे, हाताशी आलंय, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. ते पकडायला धावणारं अख्खं कुटुंब जागच्या जागी ताठ. डुक्कर पसार. ते गाणं शाळेतलं, त्या प्रसंगातलंच. आमच्या थिएटरात माझ्या पुढचा एक माणूस उभा राहिला. त्याला बघून आणखी चौघं उठले, मग मीही. अर्धं थिएटर उभं, अर्धं बसलेलं, आणि पडद्यावर तो बाप उभा. हसावं की काय कळेना. कुठल्या ऑर्केस्ट्राने हे जमवलं असतं?

---

तिरकी रेघ

हेच मी मूळ धाग्यात म्हणत होतो.

---

कोशिंबीर

नाही हो, मूळ धाग्यात तुम्ही वरणाबद्दल म्हणत होतात. आणि आमच्याकडे साध्या वरणातही हिंग-हळद असतेच. अगदी काहीच न घालता नुसती डाळ घोटून वाढलीत तर तुमचे वडीलसुद्धा, माफ करा, ताटावरून उठले असते.

---

तिरकी रेघ

उठले असते, खरं आहे. हिंगाचं मान्य.

---

घाटावरचा गडी

तीन दिवसांनी लिहितोय. तुमच्या नादाने काल साबर बोंडं पाहिला. जिल्ह्याला जावं लागलं, एकच खेळ, आत मला धरून आठ माणसं. सांगण्यासारखं एवढंच, की झोपलो नाही. मध्ये एकदा वेफरचं पाकीट उघडत होतो तर पुढच्या बाईने वळून बघितलं, मग ते तसंच मांडीवर राहिलं शेवटपर्यंत. मोठ्यांदा जगतो म्हणालो होतो, पण आमचा आजा गेला तेव्हा घरात असंच होतं, ते आठवलं. याचा अर्थ तुम्ही जिंकलात असा काढू नका, सैराट तो सैराटच.

आणि मिक्सरवाले, तिथला ऑपरेटर ओळखीचा निघाला, आमच्या मंडळातला जुना गडी. त्याला आधीच जाऊन म्हटलं, फेडर सातवर ठेव. तो म्हणतो, "सातवर ठेवून ऐकणार काय? ह्या सिनेमात आवाज आहे कुठं?"

---

मिक्सरवाला

मग ठेवला का सातवर?

---

घाटावरचा गडी

साडेपाच. त्याच्या वर गेला की मालक वर येतो म्हणे.